तिसऱ्या रविवारसाठी राखलेला शेवट

शिवदास पेडणेकरांना आयुष्यात कुठलीही गोष्ट सरळ सांगता आली नाही. मुलगा नितेश बारावी पास झाला, तोही फर्स्ट क्लासमध्ये, तर हे निकालाचा कागद घेऊन घरी आले ते तोंड पाडून. चप्पल काढली, पाणी मागितलं, "नशिबात असेल तेच होतं" म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. राधाबाईंनी पदर तोंडाला लावला, शेजारची कुंदा हातातलं पीठ न धुता धावत आली, घरात सुतक पडलं. आणि मग यांनी नितेशच्या कानामागून घडी घातलेली गुणपत्रिका काढली. सगळे हसले. राधाबाई हसल्या नाहीत. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, आणि विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शेवटी घालणार होते."

धंदाच तसा होता म्हणा. दिवसा विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आणि सुट्टीच्या दिवशी जादूगार शिवा. घराणं मालवणकडचं, वडील गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब परळ सोडून कांजूरमार्गला आलं आणि कचऱ्याच्या डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या देत देत तिथंच रुजलं. वाढदिवस, शाळांची संमेलनं, सोसायट्यांच्या पूजा, जयंत्या. कांजूरपासून मुलुंडपर्यंत असं मैदान नसेल जिथं शिवदासांच्या कबुतरानं घाण केली नाही. त्यांना ज्या उस्तादानं शिकवलं त्यानं तीन गोष्टी बजावल्या होत्या. काय होणार ते आधी सांगायचं नाही, झालेलं पुन्हा करून दाखवायचं नाही, आणि कसं केलं ते मरेपर्यंत बोलायचं नाही. शिवदासांनी यातली पहिली गोष्ट स्टेजवरून उचलून घरी आणली, एवढाच त्यांचा गुन्हा. पण तो भोवला, आणि भोवला तो त्यांना नाही. दुसऱ्याच एका भल्या माणसाला भोवला.

तो भला माणूस त्यांचा वैरी होता. चंद्रप्रकाश तायडे घाटकोपरच्या एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस होते. वडील अकोल्याकडून पोटासाठी आलेले, घरात पुस्तकं, आणि या मुलाला रसायनांचा नाद. शाळेत ते तायडेभाऊ. स्टेजवर मात्र प्रोफेसर सी. पी. तायडे, काळा कोट, पांढरे हातमोजे, परीक्षानळीत पाण्याचं दूध आणि दुधाचं सरबत. "दिवसा बाटल्या विसळतो आणि रात्री प्रोफेसर होतो," असं शिवदास चारचौघांत म्हणत. तायडे म्हणत, "शिवाचं कबूतर शिवापेक्षा हुशार आहे, निदान वेळेवर बाहेर येतं." दोघं एकमेकांच्या प्रयोगाला टोपी घालून शेवटच्या रांगेत बसत, काय नवीन आणलंय ते हेरत, आणि एकमेकांच्या सुपाऱ्या पळवत. एकाचा प्रयोग ठरला असं कळलं की दुसरा त्या मंडळाच्या अध्यक्षाकडे पेढे घेऊन हजर. हे सगळं मनापासून चालायचं. वैर म्हणावं तर वैर होतं, पण त्या मुलुखात एकाच्या हाताची चलाखी दुसऱ्याशिवाय कुणालाच कळत नव्हती, हेही दोघांना ठाऊक होतं.

आता त्या दिवसाचं. शिवदासांनी ते पुढे कसं सांगितलं हे येईलच. आपण त्यांच्यासारखं करायला नको, काय घडलं ते आत्ताच सांगून टाकू.

तीस वर्षांपूर्वीचा एप्रिल. मुलुंडच्या एका मंडळानं दोघांचे प्रयोग लागोपाठच्या दिवशी लावले आणि फलकावर 'जुगलबंदी' लिहून मोकळं झालं. जाहिरात म्हणून शिवदासांनी डोळे बांधून पाच रस्त्यापासून मैदानापर्यंत मोटारसायकल चालवायची होती. डोळ्यांवर आधी कणकेचे गोळे, त्यावर कापूस, त्यावर काळी पट्टी, आणि पट्टी बांधायला गर्दीतलाच कुणी. एवढ्या वर्षांनी झाकून काय उपयोग? नाकाच्या कडेनं खाली एक बारीक फट राहते, तेवढ्यातून पुढच्या चाकापुरता रस्ता दिसतो. फक्त कणीक घट्ट हवी. त्या दिवशी राधाबाई माहेरी होत्या आणि कणीक शिवदासांनी स्वतः मळली. सैल मळली. वरून ऊन, आतून घाम. पहिल्याच वळणाला कणीक ओघळून नाकाशी आली, फट बुजली, आणि शिवदासांना काही म्हणता काही दिसेना.

थांबता आलं असतं. पण थांबायचं म्हणजे सांगायचं की आता दिसत नाही, आणि आता दिसत नाही म्हणजे मघाशी दिसत होतं. माणसं टाळ्या वाजवत बरोबर धावत होती. शिवदासांनी गाडी चालू ठेवली. पुढच्या वळणापलीकडे शाळा सुटली होती. गर्दीतल्या सगळ्यांना दिसत होतं की जादूगार डोळे बांधून गाडी चालवतोय. तो खरोखरच आंधळा चालवतोय हे ओळखणारा त्या रस्त्यावर एकच माणूस उभा होता. तायडेंनी उडी मारून हँडल धरलं. गाडी आडवी झाली, तायडे तिच्याखाली गेले, त्यांचं उजवं मनगट मोडलं, आणि त्या मोडक्या हातानं त्यांनी पहिलं काम काय केलं, तर शिवदासांच्या डोळ्यांवरची पट्टी ओरबाडून कणीक पुसली.

लोकांनी बघितलं ते एवढंच, की एका जादूगारानं दुसऱ्याला भर रस्त्यात पाडलं आणि त्याचं पितळ उघडं करायला पट्टी फाडली. त्यांनी तायडेंना तिथंच तुडवलं. पंधरा दिवसांत जादूगारांच्या मंडळानं त्यांचं नाव काढून टाकलं. धंद्याचं गुपित चव्हाट्यावर आणणारा, म्हणून.

संध्याकाळी तायडे हात गळ्यात बांधून कांजूरला आले. शिवदास म्हणाले, "मी सांगतो सगळ्यांना. उद्याच सांगतो."

"काय सांगशील? फटीतून दिसते म्हणून?" तायडे म्हणाले. "काहून सांगतो बाप्पा? तुझा धंदा जाईल, बाकीच्यांचाही जाईल. माझं जे व्हायचं ते झालं. दोघं बुडण्यापेक्षा एक तरी तरंगू दे."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ एकाची आणि बोटं चेंगरली दुसऱ्याची. शिवदासांनी दोनदा "नको रे" म्हटलं आणि मग गप्प बसले. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवसानंतर त्यांचं नाव वाढलंच. ज्याच्यावर जळून वैऱ्यानं हल्ला केला तो जादूगार, असं लोक सांगायचे. तायडेंचं मनगट वाकडं जुळलं, त्या बोटांत पुन्हा पत्ता लपला नाही. प्रोफेसराचा कोट दर्शनाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शाळेच्या नाटकात वकिलाला गेला. पुढे वर्षा-दोन वर्षांनी कधी आरे कॉलनीत, तबेल्यांजवळच्या टपरीवर, दोघं चहाला भेटत. तायडेंनी एकदाही तो विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर शिवदासांना बरं वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी शिवदास घाटकोपरला गेले तेव्हा तायडेंनी अर्ध्या तासात तीनदा विचारलं, "राधावहिनी कशा आहेत?" दर्शनानं त्यांना दाराशी गाठून सांगितलं, डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलंय, आत्ता सुरुवात आहे. घरी येऊन शिवदास राधाबाईंना म्हणाले, "तो विसरत चाललाय गं. तो विसरला की मग ते फक्त मलाच ठाऊक."

"मगे सांगा ना कोणाक तरी!" राधाबाई म्हणाल्या. जादूच्या पेटीत बसून त्यांनी वीस वर्षं तलवारी चुकवल्या होत्या, त्यांना असल्या गोष्टींचं कौतुक नव्हतं. "तीस वर्सां तोंड शिवून बसलात. खरां काय तां एकदाचां सांगून टाका."

सांगायचं ठरलं. तायडेंचं नाव जिवंतपणी धुऊन निघायला हवं, आणि दर्शनाला कळायला हवं की आपला बाप कोण होता. एवढी एकच गोष्ट शिवदासांना आता मरण्याआधी करायची होती. आणि नेमका तेव्हाच चैतन्यचा फोन आला.

चैतन्य बोरिवलीचा, तिशीतला, दाढी राखलेला, दिग्दर्शक. दोन वैरी जादूगारांवर मराठी पिक्चर काढत होता आणि खऱ्या माणसांच्या गोष्टी शोधत होता. तीन रविवार येतो म्हणाला. शिवदासांना देव भेटला. राधाबाईंनी बजावलं, "पहिल्याच रविवारी सांगा. आधी त्येका खरां सांगा, मगे तुमची कबुतरां उडवा."

"तसं नसतं गं," शिवदास म्हणाले. "आधीच सांगितलं तर त्याला काय वाटणार? पेपर वाचल्यासारखं. सीपी आधी त्याच्या डोक्यात सैतान म्हणून बसू दे. मग तिसऱ्या रविवारी मी फिरवतो. जन्मात विसरणार नाही."

हेतू सोन्यासारखा होता. पण सवय ती सवय. एखाद्या दुकानदारानं देवळातसुद्धा घासाघीस करावी तसं त्यांनी सत्यालाही पडद्याआड ठेवलं.

पहिल्या रविवारी शिवदासांनी वैर सांगितलं. हातमोजे, पेढे, पळवलेल्या सुपाऱ्या. सांगता सांगता रंगले. तायडेंचा आवाज काढला, त्यांची चाल चालून दाखवली, आणि ते जरा लंगडतात असं उगाचच घुसडून दिलं. दुसऱ्या रविवारी पाच रस्ता. टाळ्या, ऊन, वळण, आणि मग गर्दीतून झेपावलेला तो हात. पट्टी फाटल्याचा आवाजसुद्धा त्यांनी तोंडानं काढला. तिथं थांबले. चैतन्यच्या हातातला चहा गार झाला होता.

"बाप रे काका," तो म्हणाला. "काय हरामी माणूस!"

शिवदास मिशीत हसले. मासा गळाला लागला होता. आतून राधाबाईंनी एक पातेलं जरा जोरात आपटलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. राधाबाईंनी घावणे केले. आणि शिवदासांनी सगळं सांगितलं. सैल कणीक, बुजलेली फट, मोडलेलं मनगट, संध्याकाळचं ते बोलणं. स्वतःची भीती सांगितली, सुटल्यासारखं वाटलं तेही सांगितलं. चैतन्यच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. शिवदासांना वाटलं, झालं. सीपी, सुटलास.

"काका," चैतन्य डोळे पुसून म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

त्यानं बुधवारीच निर्मात्याला गोष्ट ऐकवली होती. निर्मात्याला व्हिलन एवढा आवडला की त्यानं एका मोठ्या नटाला विचारलं, आणि नट त्याच दिवशी हो म्हणाला. तो आजवर फक्त भल्या माणसांची कामं करत आलेला, म्हणून व्हिलनच्या कामालाच तर तो भुलला. व्हिलन आता हलणार नव्हता. चैतन्य उठून गॅलरीत गेला, तिथल्या तिथं चार फेऱ्या मारल्या आणि उजळलेल्या चेहऱ्यानं परत आला.

"पण वाया नाही जाणार, काका! ऐका. प्रेक्षकाला आधी वाटतं, हा व्हिलन. मग तुमचं हे येतं, यानं तर वाचवलं होतं! अख्खं थिएटर रडतंय. आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत कळतं, डोळे चुरचुरावेत म्हणून कणकेत चुना त्यानंच मिसळलेला. लॅबमधून आणलेला. वाचवायचं नाटक करून हिरो व्हायचं होतं त्याला. ट्विस्टवर ट्विस्ट! झकास आहे ना?"

"अरे, पण कणीक मी मळली होती."

"पिक्चरमध्ये नाही मळणार, काका."

 "हे बघ चैतन्य," शिवदास म्हणाले, "जादूत माणूस फसतो ना, तो फसायलाच आलेला असतो. रुमालाचं कबूतर झालेलं नाही हे त्याला घरी जाताना पक्कं ठाऊक असतं. धक्का बसतो, हसतो, विसरतो. तुझा पिक्चर बघून घरी जाणाऱ्याला काय ठाऊक असणार? त्याला वाटणार, हेच घडलं. आणि धक्का द्यायचा तर द्यावा रे, पण आधीचं सगळं खोटं ठरवून कसला धक्का? मधे तू त्यांना रडवणार, आणि मग सांगणार की रडलात ते मूर्ख होतात म्हणून."

"नावं बदलतोय ना, काका. आणि जादूगारांच्या पिक्चरला ट्विस्ट नसेल तर लोक म्हणणार, आम्ही आलो कशाला? आणि खरं सांगू?" चैतन्य प्रेमानं म्हणाला. त्याच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. "मला तुम्हीच शिकवलंत. दोन आठवडे तुम्ही मला त्या माणसाला शिव्या घालायला लावलंत. मी तुमच्याच टेक्निकनं चाललोय."

 हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चैतन्य दोन घावणे खाऊन, पाया पडून गेला. राधाबाईंनी उरलेले घावणे झाकून ठेवले. त्यांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं तर शिवदासांना सोसलं असतं.

मग सुरू झाली ती धावपळ बैल गेला आणि झोपा केला यातली. शिवदास फोन करत, चैतन्य शूटिंगला असे. ते अंधेरीला निर्मात्याच्या ऑफिसात जाऊन बसले, एकदा नव्हे, चारदा. तिथल्या मानसी नावाच्या मुलीनं त्यांना दर वेळी चहा दिला आणि दर वेळी आनंदाची बातमी दिली : "सर, तुमचं नाव सल्लागार म्हणून एकटं येणार आहे, फुल स्क्रीन." त्यांनी ते नाव काढा म्हणून लिहून दिलं. उत्तर आलं नाही. वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, "नावं बदललीत, तुमची बदनामी तर केलेली नाही. तक्रार तायडेंनी करायला हवी." आणि तायडे तेव्हा सकाळी जेवले की नाही हे संध्याकाळी सांगू शकत नव्हते. दर्शनाला आधीच जाऊन सांगावं, असं शिवदासांच्या मनात दहादा आलं. एकदा तर ते घाटकोपरला उतरून तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. पण आधी सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या बापाचं नाव धुवायला निघालो होतो आणि चिखलात बुडवून आलो? कदाचित पिक्चर पडेल, कुणी बघणार नाही, असं म्हणत ते परतले.

पिक्चर चालला. मुलुंडच्या थिएटरात दुपारच्या खेळाला शिवदास आणि राधाबाई शेवटच्या रांगेत बसले. पहिल्या पाटीवर 'सत्यघटनेवर आधारित' आणि दुसऱ्या पाटीवर 'सल्लागार : शिवदास पेडणेकर', फुल स्क्रीन. नावं बदलली होती खरी, पण प्रयोगशाळा तीच, प्रोफेसराचा कोट तोच, वाकडं मनगट तेच, आणि शिवदासांनी घुसडलेलं लंगडणंसुद्धा होतं. वाचवण्याच्या जागी थिएटर रडलं. शिवदासही रडले, पडद्यावरचा तो माणूस क्षणभर अगदी सीपीसारखा दिसला होता. मग चुना आला. लोकांनी "आयला!" केलं, शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर कॉलेजातली दोघं भांडत होती. "लास्टचा ट्विस्ट नसता ना तेजल, तर पिक्चर जास्त भारी होता यार," मुलगा म्हणत होता. "मधे मी खरंच रडलो. ते सगळं फुकट गेलं ना? वाट लावली."

"गप रे सुयोग," ती म्हणाली. "ट्विस्ट नसता तर मॅजिक कसलं? मग काय, चांगला माणूस चांगलाच निघाला, घरी जा?"

शिवदासांना त्या सुयोगला जाऊन मिठी मारावीशी वाटली. ते एक पायरी उतरलेही. तेवढ्यात सुयोग म्हणाला, "पण व्हिलन काय भारी होता ना? असली माणसं असतात गं." शिवदास तिथंच कठड्याला धरून थांबले.

चार महिन्यांनी पिक्चर मोबाइलवर आला आणि पाठोपाठ दर्शनाचा फोन. "काका, बाबा तुम्हाला बोलावतायत. याल का?"

दर्शना मुलुंडला विम्याच्या ऑफिसात नोकरी करते, बापाला एकटी सांभाळते. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते बघून शिवदास जास्तच घाबरले. तायडे खिडकीशी खुर्चीत बसले होते, वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, मांडीवर घडी केलेला टॉवेल. समोरच्या ताटातला वरणभात तसाच गार झाला होता.

"पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भडकलेच होते," दर्शना हळू आवाजात म्हणाली. "ऑफिसात विचारायला लागले, गल्लीतले म्हातारे विचारायला लागले. म्हटलं, पोलिसात जाते. पण जायच्या आधी बाबांना विचारावं म्हणून त्यांना पिक्चर दाखवला. तर बाबा रडायला लागले, काका. म्हणाले, हो, मीच केलं. आता रोज लावायला सांगतात. रोज रडतात. मग सांगा, मी कोणाविरुद्ध तक्रार करू?"

शिवदासांनी मग आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सरळ सांगितली. बसायच्या आधी, उभ्यानंच सांगितली. "तुझ्या बाबांनी मला वाचवलं. कणीक मी मळली होती, सैल झाली. चुना नव्हता, काही नव्हतं. माझी अब्रू राहावी म्हणून ते तीस वर्षं गप्प बसले."

"हो, ते येतं ना पिक्चरमध्ये," दर्शना म्हणाली. "मधे येतं ते. मग त्याच्या पुढचं येतं."

"पुढचं खोटं आहे गं!"

"मग मधलं खरं कशावरून?"

शिवदासांनी तोंड उघडलं. साक्षीदार कोण? राधाबाई त्या दिवशी माहेरी होत्या, त्यांना जे ठाऊक ते यांनीच सांगितलेलं. जादूगारांचं मंडळ कधीच मोडलं होतं. कणीक तर रस्त्यावर कावळ्यांनी खाल्ली असेल.

"आणि खरं असतं तर तीस वर्षं तुम्ही बोलला असतात ना, काका? तुम्ही असे माणूस आहात की बोलल्याशिवाय राहिला नसतात."

"लाज वाटली," शिवदास म्हणाले. तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ती त्यांच्याकडे फार मायेनं बघत होती, आणि ती माया त्यांना सोसवत नव्हती.

तायडेंनी मान वळवली. ओळख पटली. "शिवा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. "मी तुझ्या कणकेत चुना घातला रे."

शिवदास खुर्चीपाशी खाली बसले. "नाही रे सीपी. तू मला धरलंस. हे बघ, तुझं मनगट मोडलं ना त्यात? गाडीखाली आलास तू."

तायडेंनी आपल्या वाकड्या मनगटाकडे नवलानं बघितलं. "ही शिक्षा झाली मला," ते म्हणाले.

शिवदासांनी पुन्हा सांगितलं. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. ऊन, सैल कणीक, वळण, सुटलेली शाळा. तायडे ऐकत गेले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. "असं होय?" ते म्हणाले. "म्हणजे मी वाचवलं?" आणि ते हसले, कितीतरी वर्षांपूर्वी शेवटच्या रांगेत टोपीखाली हसायचे तसे. शिवदासांनी दर्शनाकडे बघितलं, की बघ, ऐक! पण ती चहा टाकायला आत गेली होती.

ती कप घेऊन आली तेव्हा तायडे पुन्हा खिडकीबाहेर बघत होते. कपाचा आवाज झाला, त्यांनी मान वळवली, ओळख पटली. "शिवा? कधी आलास? अरे, मी तुझ्या कणकेत..."

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा शिवदासांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांचाच आवाज चिरकला, आणि तायडे घाबरून टॉवेल तोंडाशी धरून मुसमुसायला लागले.

"काका, पुरे," दर्शना म्हणाली. तिनं शिवदासांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही त्यांना दोष लागू नये म्हणून बोलताय, कळतंय मला. तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. पण त्यांना हे समजत नाही. काल सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात. शिवा माफ करेल तेव्हा जेवीन, एकच धोशा लावलाय. एकदा म्हणा ना, माफ केलं. एवढंच म्हणा, म्हणजे जेवतील."

"अगं, पण कशाची माफी? मीच त्याची..."

"काका, प्लीज."

तायडे टॉवेलावरून बघत होते. त्या डोळ्यांत वाट बघण्याशिवाय काही उरलं नव्हतं. शिवदासांनी त्यांचा तो वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात थंड होता आणि पिसासारखा हलका झाला होता. 

"माफ केलं, सीपी."

"नक्की?"

"नक्की."

तायडेंनी डोळे पुसले आणि ताट जवळ ओढलं. गार वरणभात ते भराभरा खायला लागले, शितं शर्टावर सांडत. दर्शनानं वाकून शिवदासांच्या पायाला हात लावला. शिवदासांना पाय मागे घेता आला नाही.